बेव्हर्ली जेन्किन्स: स्पर्धेतला पुरस्कार नाही, थेट जीवनगौरव

सोनटक्का (धागाकर्ती)

इंग्रजी ऐतिहासिक प्रेमकथा वाचणारे इथे बरेच आहेत. कबूल करणारे कमी. त्या सगळ्यांसाठी हा धागा. ‘आम्ही असलं वाचत नाही’ म्हणणाऱ्यांचंही स्वागत आहे.

विषय आहे बेव्हर्ली जेन्किन्स. जन्म १९५१, डेट्रॉईट. पहिली कादंबरी ‘नाइट सॉन्ग’, १९९४, प्रकाशक एव्हन. तेव्हापासून एकोणिसाव्या शतकातल्या कृष्णवर्णीय अमेरिकनांच्या प्रेमकथा लिहिताहेत. ड्यूक नाही, नाचाचे दिवाणखाने नाहीत, लंडनचा सीझनही नाही. कॅन्ससमधली शिक्षिका, मिशिगनमध्ये पळून आलेल्या गुलामांना लपवणारी मुलगी, नेवाडात पोचलेली स्वयंपाकीण, वायोमिंगमध्ये स्वतःच्या हिमतीवर रँच चालवणारी बाई, अशा त्यांच्या नायिका.

मानसन्मान कमी नाहीत. ‘रोमँटिक टाइम्स’ मासिकाचे कारकीर्द पुरस्कार मिळाले, २०१३ साली एनएएसीपी या कृष्णवर्णीयांच्या हक्कांसाठी लढणाऱ्या संस्थेच्या इमेज अवॉर्डसाठी नामांकन झालं, २०१७ साली रोमान्स रायटर्स ऑफ अमेरिका या संस्थेचा नोरा रॉबर्ट्स जीवनगौरव पुरस्कार आणि २०१८ साली मिशिगन लायब्ररी असोसिएशनचा मिशिगन ऑथर अवॉर्ड.

आता गंमत बघा. जीवनगौरव देणाऱ्या याच संस्थेचा दरवर्षीचा पुरस्कार म्हणजे रीटा. या लेखनप्रकारातला सगळ्यात मानाचा. ज्यांच्या कादंबऱ्यांवर ‘ब्रिजर्टन’ ही मालिका निघाली त्या ज्युलिया क्विनना तो तीनदा मिळाला, २००७, २००८ आणि २०१० साली, आणि त्या संस्थेच्या हॉल ऑफ फेममध्ये गेल्या. जेन्किन्सबाईंना २०१७ पर्यंत एकदाही नाही. त्यांनाच कशाला, तोवर एकाही कृष्णवर्णीय लेखिकेला नाही! म्हणजे ‘तुमचं आयुष्यभराचं काम थोर आहे, फक्त त्यातलं एकही पुस्तक त्या त्या वर्षी आम्हाला पुरेसं चांगलं वाटलं नाही.’

माझं म्हणणं असं की परीक्षकांना बाईंचा सुखान्त कळलाच नाही. त्यावर खाली सविस्तर लिहीन. आधी तुम्ही बोला.

मिशिगनकर

धाग्याबद्दल आभार. इथल्या सार्वजनिक वाचनालयात बाईंची पुस्तकं मांडणीवर कायम असतात. त्या स्वतः ग्रंथालयातल्याच. आधी मिशिगन स्टेट युनिव्हर्सिटीच्या ग्रंथालयात, मग पार्क-डेव्हिस या औषध कंपनीच्या ग्रंथालयात काम करायच्या. ‘नाइट सॉन्ग’ त्यांनी स्वतःसाठी लिहायला घेतली होती, कारण असं काही वाचायला मिळतच नव्हतं. तिथल्या एका सहकारी बाईंची प्रेमकथा नुकतीच छापून आली होती. त्यांनी जेन्किन्सचं हस्तलिखित वाचून पाठपुरावा केला, की पाठव, प्रकाशकाकडे पाठव.

नकारपत्रं पुष्कळ आली. लेखन आवडलं, पण एकोणिसाव्या शतकातली कृष्णवर्णीय माणसं असलेली आणि गुलामगिरीवर नसलेली गोष्ट कुठल्या कप्प्यात घालायची हे कुणाला समजेना. शेवटी ज्या एजंटनं ती एव्हनला विकून दाखवली तिचं नाव व्हिव्हियन स्टीव्हन्स. हे नाव लक्षात ठेवा, पुढे परत येणार आहे.

रोखठोक

पुरस्कार मिळाला नाही की लगेच अन्याय? शेकडो पुस्तकं स्पर्धेत असतात. मला तर या सगळ्या प्रकाराचंच कौतुक कळत नाही. मुखपृष्ठावर बटणं तुटलेला शर्ट, आत ठरलेला शेवट. पुरस्कार कशाबद्दल द्यायचा, इस्त्रीबद्दल?

नेटकी

रोखठोक काका, शर्टाला इस्त्री नसते हो, तीच तर मुखपृष्ठाची खासियत 😄

सोनटक्का

@रोखठोक, एकटीदुकटीची गोष्ट असती तर तुमचं म्हणणं मान्य केलं असतं. पण २०१८ साली संस्थेनं स्वतःच जाहीर केलं की २००० पासूनच्या अंतिम फेरीतल्या पुस्तकांत कृष्णवर्णीय लेखिकांची पुस्तकं अर्ध्या टक्क्याहूनही कमी. रीटाचे परीक्षक म्हणजे संस्थेचेच सभासद, लेखकच एकमेकांची पुस्तकं वाचून गुण देणार. ‘मला नायिकेशी जोडून घेता आलं नाही’ असं म्हणून गुण कापले तर दाद कुठे मागणार? तेच परीक्षक रक्तपिपासू पिशाच्चाशी आणि लांडग्याचं रूप घेणाऱ्या नायकाशी मात्र बिनबोभाट जोडून घेत होते. बाईंनी स्वतःही मुलाखतींमध्ये या विसंगतीवर बोट ठेवलंय.

पहिले रीटा आले २०१९ साली. केनेडी रायन आणि एम. मलोन या दोघींना एकाच रात्री. दोन्ही पुस्तकं आजच्या काळातली. ऐतिहासिक विभागाची पाटी कोरीच राहिली.

पोथीनिष्ठ

जरा संस्थेचा इतिहास सांगतो, नाहीतर धागा नुसता हळहळीवर जाईल.

रोमान्स रायटर्स ऑफ अमेरिका, १९८०, ह्यूस्टन. संस्थापकांमध्ये व्हिव्हियन स्टीव्हन्स, कृष्णवर्णीय संपादक. डेल प्रकाशनात असताना त्यांनी १९८० सालीच एल्सी वॉशिंग्टन यांची कादंबरी काढली, रोझलिंड वेल्स या टोपणनावानं. कृष्णवर्णीय लेखिकेची, कृष्णवर्णीय नायक-नायिकांची आधुनिक प्रेमकथा, तीही मोठ्या प्रकाशनाकडून, हे तेव्हा नवीनच होतं. पुढे हार्लेक्विनमध्ये गेल्या, तिथून १९८४ साली त्यांना काढून टाकण्यात आलं. मग एजंट झाल्या, आणि मिशिगनकर म्हणतात ते हस्तलिखित हाती आलं.

पुरस्कार १९८२ पासून सुरू झाले, तेव्हा नाव गोल्डन मेडॅलियन. १९९० साली पहिल्या अध्यक्षा रीटा क्ले एस्ट्राडा यांच्या नावावरून रीटा. म्हणजे संस्थापकांपैकी एकीचं नाव पुरस्काराला लागलं, स्टीव्हन्सना लोक विसरले. डिसेंबर २०१९ मध्ये कोर्टनी मिलन या लेखिकेवरच्या कारवाईवरून मोठं भांडण पेटलं, राजीनाम्यांची रांग लागली, २०२० चे रीटा रद्द झाले. आणि मग नवीन पुरस्कार आला, नाव: द व्हिव्हियन. चाळीस वर्षांनी आठवण झाली.

पण त्यातही २०२१ च्या पहिल्याच खेपेला घोळ. धार्मिक-आध्यात्मिक प्रेमकथेच्या विभागात ज्या पुस्तकाला पुरस्कार दिला त्याचा नायक १८९० च्या वुंडेड नी इथल्या हत्याकांडात सामील असलेला लष्करी अधिकारी. त्याला पश्चात्ताप होतो, देव भेटतो, प्रेमही मिळतं. लकोटा आदिवासींची प्रेतं राहिली पार्श्वभूमीला. आरडाओरडा झाल्यावर काही दिवसांत पुरस्कार परत घेतला.

मे २०२४ मध्ये संस्थेनं दिवाळखोरी संरक्षणासाठी अर्ज केला. दहा हजारांवर असलेली सभासदसंख्या दोन हजारांच्या आसपास आली होती, आणि आधीच्या मोठ्या संख्येच्या हिशेबानं परिषदांसाठी हॉटेलांशी केलेले करार गळ्याशी आले होते.

पारवा

पोथीनिष्ठ, वुंडेड नीचा मुद्दा काढलात तर एक टोचणारा प्रश्न. ‘नाइट सॉन्ग’चा नायक चेस जेफरसन हा दहाव्या घोडदळातला सार्जंट. म्हणजे ज्यांना बफेलो सोल्जर्स म्हणतात त्या कृष्णवर्णीय सैनिकांपैकी. ती पलटण १८६६ साली कॅन्ससमधल्या फोर्ट लेव्हनवर्थला उभी राहिली आणि त्यांचं बरंचसं काम आदिवासींविरुद्धच्या मोहिमांमध्येच झालं. मग तो नायक चालतो आणि हा चालत नाही, असं कसं?

सोनटक्का

@पारवा, प्रश्न रास्त आहे, तो झटकून टाकणार नाही. फरक मला इतकाच दिसतो की त्या पुरस्कारप्राप्त पुस्तकात कत्तल ही नायकाच्या आत्मशुद्धीची पायरी आहे. जेन्किन्सच्या गोष्टीत नायकाचा गणवेश हा त्याच्या माणूसपणाचा पुरावा म्हणून येतो, कालपर्यंत जो कायद्यानं मालमत्ता होता त्याच्या. पण तो गणवेश कुणाविरुद्ध वापरला गेला याचा हिशेब त्या पुस्तकात पुरा होत नाही, हे खरंच.

मिशिगनकर

भर घालतो. ‘नाइट सॉन्ग’मधलं हेन्री ॲडम्स हे कॅन्ससमधलं गाव काल्पनिक, पण नाव खऱ्या माणसाचं. हेन्री ॲडम्स लुइझियानातला, गुलामीत जन्मलेला, पुढे सैन्यात गेलेला. दक्षिणेतून बाहेर पडू पाहणाऱ्यांना त्यानं संघटित केलं आणि १८८० साली सिनेटच्या समितीपुढे साक्ष दिली. १८७९ च्या सुमाराला हजारो माणसं दक्षिण सोडून कॅन्ससकडे गेली, त्यांना एक्झोडस्टर म्हणतात. निकोडेमस हे १८७७ साली वसलेलं कृष्णवर्णीयांचं गाव अजून आहे, राष्ट्रीय ऐतिहासिक स्थळ आहे. जेन्किन्सच्या कादंबऱ्यांच्या शेवटी संदर्भग्रंथांची यादी असते. प्रेमकथेच्या शेवटी! त्या याद्या घेऊन वाचनालयात येणारी माणसं मी बघितली आहेत.

आबा

मी प्रेमकथा वाचत नाही, माझं वय गेलं. (माझी सून वाचते आणि मी विचारत नाही.) पण सालं वाचून राहवलं नाही.

जोतिरावांची ‘गुलामगिरी’ १८७३ ची. अर्पणपत्रिका कुणाला, तर अमेरिकेतल्या गुलामांना दास्यातून सोडवण्यासाठी झटलेल्या तिथल्या सज्जनांना. आपल्या देशबांधवांनीही शूद्रांच्या मुक्तीसाठी त्यांचा कित्ता गिरवावा, ही त्यामागची आशा. पुण्यात बसून हा माणूस तिकडे बघत होता. आणि त्यानंतर चारच वर्षांत, १८७७ साली, तिकडे दक्षिणेतून केंद्राचं सैन्य मागे घेतलं गेलं, यादवी युद्धानंतरचा पुनर्रचनेचा काळ संपला, मिळालेले हक्क एकेक करून हिसकावले जाऊ लागले. म्हणून तर ही माणसं १८७९ ला कॅन्ससला निघाली. म्हणजे सोनटक्काताई, तुमच्या बाईंच्या नायक-नायिका या जोतिराव-सावित्रीबाईंच्या समकालीन. त्यातली एक शिक्षिका आहे म्हणता, हे मला विशेष वाटलं.

सोनटक्का

आबा, दंडवत घ्या. कारा ली हेन्सन तिचं नाव. गावातली शाळा चालवते, आणि सार्जंटसाहेबांशी नाव जोडलं गेल्यावर नोकरीवर गदा येते. शिकवणाऱ्या बाईची अब्रू ही गावाची मालकी, हे सांगायला तुम्हाला भाषांतर लागणार नाही.

आता सुखान्ताचं. या लेखनप्रकाराची व्याख्याच अशी की प्रेमकथा केंद्रस्थानी हवी आणि शेवट समाधानकारक, आशादायी हवा. रोखठोक त्याला ‘ठरलेला शेवट’ म्हणतात. लंडनच्या ड्यूकच्या बाबतीत म्हणा खुशाल. त्याचं काय वाईट होणार होतं तसंही? पण १८५८ सालच्या मिशिगनमधली हेस्टर वायट बघा. ‘इंडिगो’ ही १९९६ ची कादंबरी. हेस्टर लहानपणी गुलाम म्हणून निळीच्या कामाला जुंपलेली होती, तिचे तळहात निळीनं कायमचे रंगलेत. आता स्वतंत्र आहे, पळून आलेल्यांना घरात लपवते. तिच्या वडिलांची कथा तर अशी की ते स्वतंत्र होते आणि गुलाम असलेल्या बायकोजवळ राहता यावं म्हणून त्यांनी स्वतःला विकून घेतलं. असल्या घराण्यातल्या मुलीला नवरा मिळतो, घर मिळतं, ती म्हातारी होणार आहे असा विश्वास वाचकाला मिळतो. हा शेवट ‘ठरलेला’ कुठे होता? त्या काळाबद्दलच्या शंभर पुस्तकांत आणि सिनेमांत तिच्या वाट्याला चाबूक ठरलेला होता.

जेन्किन्सचं म्हणणं हेच, की अशी माणसंही होती जी जगली, लग्नं केली, दुकानं काढली, वर्तमानपत्रं काढली, संध्याकाळी हसली. ते सिद्ध करायला मागे ती संदर्भांची यादी. परीक्षकांनी गोष्ट बहुधा ‘अवास्तव’ म्हणून वाचली. अवास्तव नव्हती, अपरिचित होती.

नेटकी

हे वाचून अंगावर काटा आला. पण ‘ब्रिजर्टन’च्या बाजूनंही कुणीतरी बोलायला हवं ना! दुसऱ्या पर्वात शर्मा बहिणी मुंबईहून येतात, एडविनाला येणाऱ्या भाषांमध्ये मराठीचं नाव घेतात, तेव्हा मी सोफ्यावर उभी राहिले होते. २००० सालच्या मूळ कादंबरीत ती केट शेफील्ड, पक्की इंग्रज. मालिकेनं शर्मा केली. तेही काही कमी नाही.

पारवा

कमी नाही, पण वेगळं आहे. तिथे एक कल्पनेतलं लंडन रचलंय आणि त्यात सगळ्यांना बसायला जागा दिली आहे. शर्मांना मुंबईहून आणलं, पण १८१४ च्या मुंबईत कंपनी सरकार काय करत होतं हे कुणी विचारायचं नाही, असा अलिखित करार. जेन्किन्स कल्पनेतली जागा देत नाही, जी खरोखर होती ती दाखवते. मला दोन्ही बघायला आवडतं. फक्त दुसरीला श्रम जास्त आणि प्रसिद्धी कमी.

चिंचेचंबुटुक

आपल्याकडे उलटं आहे का? ‘स्वामी’ला १९६४ सालचा साहित्य अकादमी पुरस्कार. वाचकांनी, विशेषतः बायकांनी, ते पुस्तक माधवराव-रमाबाईंसाठीच उराशी धरलं, राक्षसभुवनच्या लढाईसाठी नाही. पण पुरस्कार ‘ऐतिहासिक कादंबरी’ला. ‘राऊ’चंही तेच. प्रेमकथा म्हणून कुणी मान देत नाही, इतिहास म्हणून देतात.

पोथीनिष्ठ

चिंचे, एक फरक विसरतेस. ‘स्वामी’ थेऊरला संपते, रमाबाई सती जातात. ‘राऊ’चा शेवटही माहीत आहे. आपली प्रतिष्ठित ऐतिहासिक प्रेमकथा चितेपाशी जाऊन थांबते. त्या दोघांना मुलंबाळं झाली आणि सुखानं राहिले, असं असतं तर अकादमीपर्यंत गेली असती का, हे विचारून बघ.

चिंचेचंबुटुक

नसती गेली. मान्य. रडवल्याशिवाय आपण थोर म्हणत नाही.

रोखठोक

इथवर वाचत आलोय हे नमूद करतो. इस्त्रीचं विधान मागे घेत नाही, पण संदर्भसूचीबद्दल अर्धा गुण.

एक व्यावहारिक प्रश्न: ही पुस्तकं भारतात मिळतात का? लहानपणी फ्लोरा फाउंटनच्या पदपथावर एव्हनची जाड, चिमुकली पुस्तकं ढिगानं असायची, त्यात हे नाव पाहिल्याचं स्मरत नाही.

मिशिगनकर

ती चिमुकली पुस्तकंच आता चाललीत. मास मार्केट पेपरबॅक म्हणतात त्या आकाराला, साधारण सव्वाचार बाय सात इंच. एव्हननं १९७२ साली कॅथलीन वुडिविसची पहिली कादंबरी थेट याच आकारात काढली आणि आजच्या ऐतिहासिक प्रेमकथेचा बाजार तिथून उभा राहिला. किराणा दुकानात, औषधाच्या दुकानात, विमानतळावर, फिरत्या जाळीवर लावलेली. जेन्किन्सचा बहुतेक वाचक याच जाळीवर भेटलेला. आता रीडरलिंक या अमेरिकेतल्या मोठ्या वितरकानं २०२५ अखेर या आकाराची पुस्तकं पोचवणं बंद करायचं ठरवलं. कारण सरळ आहे, खप ई-पुस्तकांकडे गेला, आणि मोठ्या आकाराच्या पेपरबॅकमागे नफा जास्त.

माझ्या मते बाईंच्या बाबतीत ही बातमी कुठल्याही पुरस्कारापेक्षा मोठी आहे. भाजी आणायला गेलेली बाई सोबत एक कादंबरी टोपलीत टाकायची, तो रस्ता बंद. जाडजूड किमतीचं पुस्तक घ्यायला मुद्दाम दुकानात जावं लागणार.

सोनटक्का

अगदी. म्हणून मला २०१७ च्या जीवनगौरवापेक्षा २०१८ चा ग्रंथपालांचा पुरस्कार जास्त मोलाचा वाटतो. जीवनगौरव देणाऱ्यांना काहीतरी भरून काढायचं होतं. ग्रंथपालांना काही भरून काढायचं नव्हतं, त्यांनी पुस्तक किती वेळा बाहेर गेलं आणि परत येताना पानं किती मुडपली होती ते बघितलेलं असतं.

@रोखठोक, भारतात छापील प्रत मागवली तर महाग पडते. ई-पुस्तकं सोपी.

नेटकी

वाचायची कुठून सुरुवात करू? घाबरवू नका, परीक्षा आहेत.

सोनटक्का

सरळ उत्तर: ‘फॉरबिडन’, २०१६. नेवाडातलं व्हर्जिनिया सिटी. ऱ्हाइन फाँटेन गोरा म्हणून खपतो आणि तसाच जगतोय. एडी कारमायकल स्वयंपाकीण आहे, सावळी, तिला स्वतःचं खानावळीचं दुकान हवंय. तिच्याशी लग्न करायचं तर त्याला आपण कोण आहोत हे गावाला सांगावं लागेल. मग ‘ब्रेथलेस’, मग ‘टेम्पेस्ट’. एडीच्या दोन भाच्या पुढच्या दोन पुस्तकांच्या नायिका.

न्यू ऑर्लिन्स हवं असेल तर ‘रेबेल’, २०१९ चं. ‘टू कॅच अ रेव्हन’ हलकंफुलकं, त्यात भामट्यांचं एक कुटुंब आणि स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्याची चोरीला गेलेली प्रत आहे. आजच्या काळातलं हवं तर ‘ब्रिंग ऑन द ब्लेसिंग्ज’: घटस्फोटात गडगंज पैसा मिळालेली बाई ईबेवर विकायला काढलेलं आख्खं गाव विकत घेते. गाव कुठलं? हेन्री ॲडम्स, कॅन्सस. तेच, ‘नाइट सॉन्ग’चं.

मिशिगनकर

मी ‘इंडिगो’पासून सुरू करा म्हणेन. ‘फॉरबिडन’ चांगलं, पण ऱ्हाइनला जरा जास्तच सहज माफी मिळते.

सोनटक्का

परीक्षेच्या काळात ‘इंडिगो’? पोरगी पेपरला रडत जाईल. ‘टेम्पेस्ट’ची सुरुवात बघ, नेटके. रिगन वायोमिंगला पत्रोपत्री ठरलेल्या लग्नासाठी निघालेली, वाटेत घोडागाडीवर दरोडा. तेवढ्यात होणारा नवरा घोडा फेकत येतो, हिला वाटतं हाही दरोडेखोर, आणि ती त्याला खांद्यात गोळी घालते. पहिली भेट. तो डॉक्टर आहे, त्यामुळे निभावतं.

रोखठोक

गोळी घालते? हे आधी सांगायचं. कुठलं म्हणालात ते?

सोनटक्का

‘टेम्पेस्ट’, २०१८. तिसरं आहे, आधी पहिली दोन वाचा.

रोखठोक

तिसऱ्यापासूनच सुरू करतो. आबा, सूनबाईंकडे असेल तर कळवा.

आबा

विचारलं. तिच्याकडे तिन्ही आहेत. आता ती मला विचारते आहे की तुम्हाला कसं कळलं.